ई-रिक्षाची मोटर आणि बॅटरी: वार्निश कुठे, किती आणि कुठे अजिबात नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरणगावात रिवाइंडिंगचं दुकान आहे. वर्षानुवर्षं सबमर्सिबल आणि जिनिंगच्या मोटारी बांधल्या, आता ४८ आणि ६० व्होल्टच्या ई-रिक्षांच्या बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी) मोटारी येऊ लागल्यात. हिवाळ्यात बांधून दिलेली मोटर एप्रिल-मे लागला की पुन्हा जळून येते. वार्निश कोणतं वापरावं, किती हात द्यावेत? आणि बॅटरीच्या पेटीलाही असंच काही ‘इन्सुलेशन कोटिंग’ मारलं तर ती उन्हाळ्यात थंड राहील का?

भाऊ, आधी शब्दाचा गुंता सोडवू, कारण निम्मं नुकसान तिथूनच होतं. इन्सुलेशन म्हणताना आपण दोन वेगळी कामं एकाच नावाने ओळखतो: वीज अडवणं आणि उष्णता अडवणं. मोटरच्या वाइंडिंगमध्ये वीज अडवायची असते, पण उष्णता मात्र स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) पत्र्यांतून बॉडीपर्यंत सुखाने जायला हवी. बॅटरीत सेल आणि सेलच्या मध्ये दोन्ही अडवायचं असतं, पण सेलच्या बुडाकडून उष्णता बाहेर पडू द्यायची असते. त्यामुळे ‘जाड थर म्हणजे चांगलं इन्सुलेशन’ हा हिशेब मोटरमध्ये उलटा पडतो आणि बॅटरीत अर्धाच बरोबर ठरतो.

मोटरमध्ये वार्निशचं खरं काम काय? तारेवर इनॅमल (वीज अडवणारा पातळ लेप) आहे, स्टेटरच्या खाचेत म्हणजे स्लॉटमध्ये कागद आहे, म्हणजे वीज अडवायची सोय आधीच झालेली असते. वार्निश तारांमधली हवा हाकलून ती जागा भरायला घालायचं. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, साध्या वार्निशची ०.२ च्या आसपास, तांब्याची ४०० च्या जवळ. हाताने भरलेल्या गोल तारेच्या स्लॉटमध्ये साधारण ४० ते ५० टक्केच जागा तांब्याची असते, उरलेल्यात कागद, इनॅमल आणि बहुतेक हवाच. त्या हवेच्या जागी वार्निश गेलं की उष्णतेचा रस्ता सात-आठ पट मोकळा होतो. शिवाय तारा एकमेकींना घट्ट धरून राहतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर सुटी तार शेजारच्या तारेवर घासत राहते आणि इनॅमल झिजून दोन आटे (तारेचे वेढे) एक होतात. म्हणून स्लॉटच्या पोटापर्यंत वार्निश गेलं का, हाच कसोटीचा प्रश्न. एंड-वाइंडिंगवर (स्लॉटबाहेर दिसणाऱ्या कॉइलच्या टोकांवर) ब्रशने मारलेलं चकचकीत लाल वार्निश धूळ आणि ओलीपासून वरवरचं संरक्षण देतं, आत काहीच करत नाही. ते शेवटचा हात म्हणून ठीक आहे, पण बुडवणीची (अख्खं स्टेटर वार्निशमध्ये बुडवण्याची) जागा ते घेऊ शकत नाही. सबमर्सिबलची सवयही इथे उपयोगाची नाही. पाण्याने भरलेल्या मोटरला पॉलिरॅप तार (प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली) असते, तिला वार्निश लागतच नाही.

आता एप्रिल-मेच का, ते पाहू. मोटरवर लिहिलेली क्षमता ४० अंश सेल्सियस भोवतालचं तापमान धरून काढलेली असते. एफ वर्गाची मर्यादा १५५ अंश, एच वर्गाची १८०. आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात मेमध्ये सावलीतला पारा ४५ च्या वर जातो आणि डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहून तापलेली असते. इन्सुलेशनचा जुना ठोकताळा सांगतो की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे नुसतं भोवताल ४७ झालं तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त आयुष्य गेलं, मोटरवर एक किलोही जास्त ओझं न टाकता. त्यात तांब्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: २० अँपिअरचे ४० झाले की चौपट. चार सवारीच्या रिक्षात सात जण बसवून पुलाच्या चढावर नेलं की हाच चौपटीचा खेळ सुरू होतो. हिवाळ्यात ही मोटर हद्दीच्या आत राहते, मेमध्ये हद्द ओलांडते. यात वार्निशचा वाटा आहे, पण सगळा दोष त्याचा नाही. जळून आलेली मोटर उघडल्यावर आधी नीट पाहा. तिन्ही फेज सारख्या तपकिरी-काळ्या झाल्या असतील तर ओव्हरलोड. एकच कॉइल कोळसा आणि बाकीच्या ताज्या असतील तर आट्याला आटा लागलाय. स्लॉटच्या तोंडाशी एकच काळा ठिपका असेल तर तिथे कागद फाटला किंवा पत्र्याच्या धारेने तार कापली. पहिल्या प्रकारात जगातलं सर्वांत महाग वार्निश घातलं तरी मोटर परत येणार. तिथे कंट्रोलरची करंट लिमिट तपासा आणि गिऱ्हाइकाला ओझ्याबद्दल स्पष्ट सांगा.

जुनं वाइंडिंग काढताना स्टेटर भट्टीत लाल होईपर्यंत जाळायची पद्धत सोडून द्या. स्टेटरच्या प्रत्येक पत्र्यावरही इन्सुलेशनचा अगदी पातळ थर असतो. तो जळला की पत्रे एकमेकांना लागतात आणि लोखंडात भोवरा-प्रवाह फिरू लागतो. ५० हर्ट्झच्या पंपाच्या मोटरला हे थोडंफार खपून जातं. पण ८ पोलची बीएलडीसी ३००० फेऱ्यांवर फिरते तेव्हा तिची फ्रिक्वेन्सी २०० हर्ट्झ असते, आणि हा तोटा फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट फ्रिक्वेन्सीला सोळापट. अशी मोटर रिकामी फिरवली तरी गरम होते आणि बांधणारा वार्निशला दोष देत बसतो. कॉइलची एक बाजू कापून, कोमट करून ओढा. ओव्हनमध्येच सैल करायचं असेल तर ३५० अंशांच्या खाली राहा.

तार घेताना पॉलिएस्टर-इमाइडवर पॉलिअमाइड-इमाइड असा दुहेरी थर असलेली, २०० अंश वर्गाची घ्या. वरचा थर कठीण असतो, त्यामुळे हाताने स्लॉटमध्ये सरकवताना ओरखडा कमी पडतो. जागा असेल तर ग्रेड २ (जाड इनॅमलची) घ्या, पण जाड इनॅमलसाठी तांबं कमी करू नका. ४८ व्होल्टला जास्त जाड इनॅमलची गरज नाही, तांब्याची आहे. स्लॉट पेपर नॉमेक्स (उष्णता सोसणारा कागद) किंवा एनएमएन (नॉमेक्स-मायलर-नॉमेक्स), ०.२ ते ०.२५ मिलिमीटर, दोन्ही टोकांना ३ मिलिमीटर बाहेर आणि कॉलर दुमडलेली. नुसता मायलर (पॉलिएस्टर फिल्म) घालून वर एच वर्गाचं वार्निश घातलं तर मोटर एच वर्गाची होत नाही. साखळीतली सर्वांत कमजोर कडी जो वर्ग सांगेल तोच मोटरचा वर्ग. लीड वायर, स्लीव्ह, बांधायची दोरी, सगळं याच हिशेबात येतं.

हब मोटरमध्ये (चाकातच बसवलेल्या मोटरमध्ये) कागदाऐवजी स्टेटरच्या दातांवर इपॉक्सी पावडरचा हिरवा किंवा निळा थर असतो. पावडर वितळताना कोपऱ्यांवरून मागे सरकते, म्हणून धारेवर थर सर्वांत पातळ आणि टवके पहिल्यांदा तिथेच उडतात. वाइंडिंग काढल्यावर प्रत्येक दाताच्या चारही धारा बोटाने तपासा. लोखंड उघडं दिसलं तर त्यावर ब्रशने इपॉक्सी फासून भागवू नका, तो परत धारेवरून ओघळेल. तिथे पातळ स्लॉट पेपर बसवा. कागद धारेवर पातळ होत नाही.

आता बुडवणी. हीच सर्वांत मोलाची पायरी आणि घाईत सर्वांत जास्त बिघडते तीही हीच. हॉल सेन्सर (रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे) आधी काढून ठेवा किंवा वार्निश-बेकिंग झाल्यावर नवे बसवा. त्यांच्या पीव्हीसी वायरी १५० अंशांना मऊ होऊन चिकटतात. पुन्हा जोडताना टेफ्लॉन वायर वापरा. रोटर (मॅग्नेट असलेला फिरणारा भाग) ओव्हनमध्ये कधीच नको: साध्या ग्रेडचे निओडायमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे ताकद गमावतात, एसएच ग्रेडवाले १५० पर्यंत टिकतात, आणि समोरचा मॅग्नेट कोणत्या ग्रेडचा ते बाहेरून कळत नाही.

स्टेटर कोरड्या हवेने साफ करा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा. मग ११० ते १२० अंशांवर तीन तास सुकवा. पावसाळ्यात हे तीन तास कमी करू नका. कागद आणि स्लीव्ह ओल धरून ठेवतात, आणि वरून वार्निशचा थर बसला की ती ओल कायमची आत कोंडली जाते. नंतर जॉब ५० ते ६० अंशांपर्यंत थंड होऊ द्या. तापमान थर्मोकपलने मोजा. इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर खूप कमी आकडा दाखवते. मोजायचीच असेल तर काळ्या टेपच्या तुकड्यावर मोजा. जॉब फार गरम असेल तर थिनर तोंडाशीच उडतं, साय धरते आणि आत वार्निश जातच नाही. फार थंड झाला तर वार्निश घट्टच राहतं आणि हवेतली ओल परत बसते.

वार्निशचा दाटपणा बी-४ कपाने (बुडाला भोक असलेला कप, तो रिकामा व्हायचे सेकंद मोजतात) मोजा: साधारण २५ ते ४० सेकंद, पण अंतिम आकडा कंपनीच्या कागदावरचा घ्या. घट्ट झालं तर त्याच कंपनीचं थिनर थोडं थोडं घाला. पेट्रोल किंवा रॉकेल घातलं तर वार्निश फाटतं आणि बेक झाल्यावरही चिकट राहतं. स्टेटर उभा धरून सावकाश, तळातून भरत जाईल असा बुडवा, म्हणजे हवा वरून निसटेल. झटकन बुडवला तर हवा मधेच अडकते. पहिल्या मिनिटात दूध उतू जावं तसा फेस येतो. मग स्लॉटच्या तोंडातून बुडबुड्यांच्या सुतासारख्या बारीक माळा निघतात. त्या माळा तुटक होत होत थांबेपर्यंत, साधारण १५ ते २० मिनिटं, जॉब आत राहू द्या. घड्याळापेक्षा या माळांवर विश्वास ठेवा. शेवटचा बुडबुडा गेल्यावर आणखी पाच मिनिटं थांबा.

बाहेर काढून तासभर निथळू द्या. थिनरच्या फडक्याने बोअर (स्टेटरच्या मधलं भोक) पुसा, कारण एअर गॅप (स्टेटर-रोटरमधली फट) अर्धा-एक मिलिमीटरचा असतो आणि तिथे सुकलेला एक थेंब रोटरला घासतो. ओव्हन आधी ८० ते ९० अंशांवर तासभर, व्हेंट उघडा ठेवून, म्हणजे थिनर हळूहळू निघून जाईल. मग कंपनीच्या आकड्याप्रमाणे, बहुतेक १४० ते १५० अंशांवर पाच-सहा तास. वेळ जॉबने ते तापमान गाठल्यापासून मोजायची, ओव्हनच्या डायलवर आकडा आल्यापासून नाही. थेट १५० वर टाकलं तर वरची साय आधी पक्की होते, आतलं थिनर उकळून फोड आणतं आणि पोटातलं वार्निश महिनोन् महिने ओलंच राहतं. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून उघड्या ज्योतीची गॅसभट्टी वापरू नका आणि व्हेंट बंद करू नका.

दुसरी बुडवणी स्टेटर उलटा करून. पहिल्या वेळी जे टोक खाली होतं तिथे वार्निश जास्त साचतं, उलटल्याने समतोल होतो. दोन हात पुरेत. तिसऱ्या-चौथ्या हाताने स्लॉटच्या पोटात काही जात नाही, वरचा थर जाड होतो आणि तापल्या-निवल्यावर तडकतो. प्रत्येक हातापूर्वी आणि नंतर स्टेटरचं वजन करून वहीत लिहा. त्याच मॉडेलचा पुढचा जॉब कमी वार्निश प्यायला तर कुठेतरी सुकवणी किंवा दाटपणा चुकलाय हे लगेच कळतं. महिन्यातून एकदा भंगारातल्या स्टेटरवर हीच सगळी प्रक्रिया करून एक कॉइल मधोमध कापा. तारांच्या मधल्या जागा पारदर्शक, काचेसारख्या भरलेल्या दिसायला हव्यात. नखाने तारा सुट्या होत असतील तर वार्निश आत पोचलेलं नाही. आणि जिनिंगच्या शेजारी दुकान असेल तर ओलं स्टेटर उघड्यावर निथळत ठेवू नका. रुईचा एकेक तंतू पुढे ओल ओढणारी वात होतो.

बिनथिनरचं, दोन भागांचं रेझिन वापरलं तर एका हातात भरणी चांगली होते, पण मेच्या दुपारी त्याचा कामाचा वेळ निम्म्यावर येतो. सकाळी लवकर मिसळा आणि लागेल तेवढंच. ॲल्युमिना भरलेलं, १ ते ३ वाहकतेचं पॉटिंग रेझिन एंड-वाइंडिंग आणि बॉडीच्या मधे ओततात. उष्णतेसाठी ते उत्तम, पण दाट असल्याने स्लॉटमध्ये शिरत नाही, आणि पुढच्या वेळी रिवाइंडिंग अशक्य होतं. आपल्या कामाला ते परवडत नाही असं माझं मत.

तपासणीच्या वेळी कंट्रोलर आणि हॉल सेन्सरची वायर सोडवल्याशिवाय मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावू नका. त्याच्या ५०० व्होल्टने कंट्रोलरमधले मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे भाग) आणि सेन्सर क्षणात जातात. नव्या, बेक केलेल्या वाइंडिंगला थंड असताना १०० मेगाओहमच्या वर मिळायला हवेत. अशा मोटरसाठी किमान मर्यादा ५ मेगाओहम आहे, पण ताजं काम ५ वर आलं तर ते परत ओव्हनमध्ये गेलंच पाहिजे. मेगरला आटे एकमेकांना लागलेले मात्र दिसत नाहीत. त्यासाठी सोपी युक्ती: मोटर जोडून, तिन्ही वायरी एकमेकींना न टेकता सुट्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवा. मॅग्नेटचे हलके हिसके जाणवले तर ते ठीक, पण सतत ओढ लागत असेल तर आत कुठेतरी आटा शॉर्ट आहे. मग ड्रिलने ठरावीक वेगाने फिरवून दोन-दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांत ते सारखं यायला हवं.

४०० आणि ८०० व्होल्टच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. हवेत साधारण ३२७ व्होल्ट शिखराच्या खाली विद्युत-विसर्ग सुरूच होऊ शकत नाही. त्याच्या वर तारांमधल्या हवेच्या कप्प्यात ठिणग्या पडून इनॅमल खाल्लं जातं. तिथे व्हॅक्यूममध्ये भरणी आणि खास इनॅमल लागतं. ४८ ते ७२ व्होल्टला हा धोका नाही. आपले शत्रू उष्णता, ओल आणि कंपन.

बॉडीला बाहेरून काळ्या रंगाचा एक पातळ हात चांगला, कारण घासलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा काळा रंग उष्णता कितीतरी जास्त बाहेर फेकतो. पुट्टी आणि चार-पाच हात नकोत. आणि पावसाळ्यात बॉडीवर चढलेला काळ्या मातीचा गिलावा सुकला की त्याने मोटरला गोधडी पांघरल्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला तो धुवायला सांगा, फक्त मोटर गरम असताना थंड पाणी मारू नका म्हणावं.

आता बॅटरी. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक धरा: १६ सेल, प्रत्येकी अर्धा मिलिओहम, म्हणजे ८ मिलिओहम. ३० अँपिअरला आत तयार होणारी उष्णता ७ वॅट, ६० ला २९ वॅट. आता लोडरची (मालवाहू ई-रिक्षाची) बॅटरीपेटी उन्हात उभी आहे, वरचा पत्रा ०.३ चौरस मीटर, दुपारचं ऊन चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास. काळा पत्रा त्यातले २७० वॅट पितो, स्वच्छ पांढरा ७० च्या आसपास. म्हणजे खानदेशच्या उन्हाळ्यात बॅटरीला आतल्यापेक्षा बाहेरची उष्णता कितीतरी जास्त. पेटीच्या वरच्या आणि बाजूच्या पत्र्याला पांढरा परावर्तक रंग द्या, आणि शक्य असेल तर २०-२५ मिलिमीटर अंतर सोडून वर दुसरा पत्रा छत्रीसारखा लावा. खालच्या बाजूला मात्र पांढरा रंग उपयोगी नाही. रस्त्याची उष्णता अवरक्त (डोळ्यांना न दिसणारी, इन्फ्रारेड) असते आणि ती पांढरा रंगही काळ्यासारखीच पितो. तिथे उघडा, रंग न दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा अंतर सोडून लावा आणि चिखल बसू देऊ नका. पेटीला आतून फोम किंवा थर्माकोल लावू नका. दुपारी शोषलेली उष्णता रात्री बाहेर पडायला हवी, कारण चार्जिंग रात्री होतं आणि बऱ्याच एलएफपी सेलची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. फोमच्या आतला पॅक मेमध्ये रात्री दहालाही त्याच्या वर असू शकतो.

सेलवर कोणतंही द्रव वार्निश मारायचं नाही. त्याचा थिनर निळ्या फिल्मचा गोंद सोडवतो, सेफ्टी व्हेंट बुजतो, आणि बेक तर करताच येत नाही. चौकोनी सेलचा ॲल्युमिनियमचा डबा बऱ्याचदा प्लसशी जोडलेला असतो, म्हणून शेजारच्या दोन डब्यांत ३.२ व्होल्टचा फरक राहतो. निळी फिल्म कोपऱ्यावर फाटली आणि दोन्ही डबे पेटीच्या पत्र्याला टेकले की हळूहळू प्रवाह सुरू. प्रत्येक दोन सेलमध्ये आणि बुडाखाली अर्ध्या मिलिमीटरची ग्लास-इपॉक्सी शीट घाला. वेल्डिंगचे दाणे आणि पत्र्याचा बर आधी घासून काढा. आग पसरू नये म्हणून मायका शीट हवी तर तीही सेलच्या मधेच. सेल फुगतात, त्यामुळे कडक इपॉक्सीने एकसंध ठोकळा करू नका.

बसबारला (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला) पावडर कोट किंवा हीट-श्रिंक चालतं, पण नटाखालची जागा स्वच्छ उघडी हवी. एका जोडावर १ मिलिओहम वाढला तर ६० अँपिअरला तिथे ३.६ वॅट, आणि तेही नखाएवढ्या जागेत, सेलच्या टर्मिनलला लागून. उन्हाळ्यात वितळलेल्या प्लास्टिकचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

बीएमएस बोर्डला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) कॉन्फॉर्मल कोटिंग (पातळ संरक्षक लेप) जरूर करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स धुवा, ६० अंशांवर तासभर सुकवा, कनेक्टर आणि हीट-सिंकला टेकणारी बाजू टेपने झाका. ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, एकूण ३० ते ७५ मायक्रॉन. पहिला हात आडवा, दुसरा उभा. बहुतेक कोटिंगमध्ये चमकणारं द्रव्य असतं, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली सुटलेली जागा लगेच दिसते. बाजारात सहज मिळणारं, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन बोर्डजवळ नेऊ नका. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं हिरवं करतं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा.

एआयएस-१५६ या इलेक्ट्रिक दुचाकी-तीनचाकींच्या मानकाचे कडक केलेले बॅटरी-नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यांखाली मान्यता घेतलेला सीलबंद पॅक कोटिंगसाठी उघडू नका. उघडला की पाण्यापासूनचं सील गेलं आणि वॉरंटीही गेली. अशा पॅकला बाहेरची सावली, पांढरा रंग आणि खालचा पत्रा एवढंच करा. मेमध्ये दुपारची फेरी झाल्यावर लगेच चार्जरला न लावता दोन-तीन तास सावलीत थांबवायला गिऱ्हाइकाला सांगा, आणि मोटर देताना वजनाच्या वहीत स्टेटरचा आकडा लिहिला आहे ना, ते पाहा.